स्वॅट शिकू का? आधी विसर्ग मोजा

प्रश्न थोडक्यात असा: एका जलाशयात दरवर्षी शेवाळ माजतं. वरचं पाणलोट क्षेत्र साधारण ४०० चौरस किलोमीटर, बहुतेक शेती, मध्ये वीसेक हजार वस्तीचं एक गाव. महिन्यातून एकदा घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे तीन वर्षांचे आकडे हाताशी आहेत. विचारणाऱ्याला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं, उंचीचा डेटा उतरवून झाला आहे. आता स्वॅट, म्हणजे पाणलोटातलं पाणी, गाळ आणि खतं कशी वाहतात याचा हिशेब करणारं संगणकी मॉडेल, शिकावं का, त्यातून नेमक्या कुठल्या शेतातून स्फुरद (फॉस्फरस) येतं ते कळेल का, आणि नमुन्यांऐवजी उपग्रहाची चित्रं चालतील का?

पहिल्याचं उत्तर: शिका, पण आत्ता नको. दुसऱ्याचं: नाही कळणार, आणि कळतं असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. तिसऱ्याचं: काही अंशी, ते शेवटी बघू.

तुमच्या तक्त्यात तारीख आहे, जागा आहे, स्फुरदाची मिलिग्रॅम प्रति लिटरमधली तीव्रता आहे. विसर्गाचा, म्हणजे ओढ्यातून सेकंदाला किती पाणी वाहतं त्याचा, रकाना नाही. हीच खरी अडचण आहे आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर सोडवत नाही. जलाशयाला तीव्रतेशी देणंघेणं नसतं, वर्षभरात एकूण किती किलो स्फुरद येऊन पडला याच्याशी असतं. तो भार म्हणजे तीव्रता गुणिले विसर्ग. कोरड्या दिवशी ओढ्यात सेकंदाला २ घनमीटर पाणी आणि लिटरला ०.१ मिलिग्रॅम स्फुरद असेल, तर दिवसाला सुमारे १७ किलो होतात. मोठ्या पावसात तोच ओढा ४० घनमीटरने वाहतोय आणि तीव्रता ०.५ वर गेली, तर तासाला ७२ किलो. म्हणजे पुराचा एक तास कोरड्या चार दिवसांना भारी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सोयीच्या वेळी नमुना घेणाऱ्याच्या हाती हा तास जवळपास कधीच लागत नाही. तीन वर्षांचे आकडे असूनही तुमचा वर्षाचा भार कितीतरी पटींनी चुकलेला असू शकतो.

म्हणून पैसे आणि वेळ आधी इथे घाला. जलाशयाला मिळणाऱ्या मुख्य ओढ्यावर पाण्याची पातळी नोंदवणारं साधं यंत्र बसवा. वेगवेगळ्या पातळ्यांना प्रत्यक्ष विसर्ग मोजून पातळी-विसर्ग वक्र तयार करा. पुराच्या पातळीची मोजणी सगळ्यात अवघड आणि नेमकी तीच सगळ्यात मोलाची; ती टाळून वक्र वरच्या बाजूला नुसता लांबवला तर पुढचं सगळं त्या लांबवलेल्या रेषेवर उभं राहतं. गढूळपणा सतत मोजणारा सेन्सर परवडत असेल तर जरूर लावा. गाळाला चिकटून येणाऱ्या स्फुरदाचा गढूळपणाशी चांगला संबंध जुळतो, आणि मग प्रत्येक पुरात रात्री-बेरात्री कुणाला बाटल्या घेऊन पळवायला नको. नमुने मात्र पुराच्या चढत्या बाजूला जास्त घ्या. गाळाची लाट बहुतेक वेळा पाण्याच्या शिखराच्या आधी येते.

विसर्ग हाती आला की लगेच मॉडेलकडे वळू नका. आधी भार-कालावधी वक्र काढा. स्प्रेडशीटमध्ये एका दुपारचं काम आहे. रोजचे विसर्ग मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, कुठला विसर्ग किती टक्के दिवस ओलांडला जातो ते काढायचं, प्रत्येक विसर्गाला मर्यादेतल्या तीव्रतेने गुणायचं. ती झाली परवानगी असलेल्या भाराची रेषा. तिच्यावर आपले नमुने ठिपक्यांनी मांडायचे. रेषेच्या वर गेलेले ठिपके कोरड्या, कमी विसर्गाच्या टोकाला गोळा झाले असतील तर कुणीतरी रोज काहीतरी सोडतंय: सांडपाणी, गोठे, एखादा कारखाना. ते पुराच्या टोकाला असतील तर जमिनीवरून धुपून येतंय, किंवा ओढ्याचे काठच ढासळतायत. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. अनेक पाणलोटांत इतक्यावरच निर्णय होऊन जातो आणि मॉडेलची गरजच उरत नाही. हे मॉडेल विकणारे सांगत नाहीत, हा भाग वेगळा.

याच टप्प्यावर एक ढोबळ हिशेबही करून टाका. माणशी दिवसाला दीडेक ग्रॅम स्फुरद सांडपाण्यात जातो असं धरलं तर तुमच्या वीस हजार वस्तीचे दिवसाला ३० किलो, वर्षाला जवळपास ११ टन. शेतीखाली ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे ३० हजार हेक्टर, आणि उदाहरणापुरता हेक्टरी वर्षाला अर्धा किलो धरला तर १५ टन. आकडे अंदाजाचे आहेत, पण बघा: दोन्ही बाजू एकाच मापाच्या निघाल्या. शिवाय सांडपाण्यातला स्फुरद बराचसा विरघळलेला असतो आणि कोरड्या दिवसांतही येत राहतो, शेवाळाला तो आयता मिळतो. शेतातला बराचसा मातीच्या कणांना चिकटून पुरात येतो आणि काही भाग जलाशयाच्या तळाशी बसतो. वर्षाचा भार सारखा दिसला तरी शेवाळाच्या हिशेबात ते सारखे नाहीत. अर्थात सगळं सांडपाणी ओढ्यापर्यंत पोचत नाही, शोषखड्ड्यांत आणि शेतांत मुरतं. ते किती, हे गावात फिरूनच कळतं.

आता नकाशा. पाणलोटाची हद्द आखणं क्यूजीआयएसमध्ये सोपं आहे: खळगे भरायचे, उंचीच्या डेटातल्या प्रत्येक चौकटीचा उतार कुठल्या शेजारच्या चौकटीकडे जातो ते काढायचं, वरून किती चौकटींचं पाणी येतं ते मोजायचं, निर्गमबिंदू, म्हणजे पाणलोटातलं पाणी जिथे बाहेर पडतं ती जागा, ठेवायचा. ग्रासमधलं आर-वॉटरशेड किंवा व्हाइटबॉक्स, यांपैकी कुठलंही साधन वापरा. चुका होतात त्या वेगळ्याच जागी. उंचीचा डेटा अक्षांश-रेखांशात असतो आणि उंची मीटरमध्ये. तो मीटरच्या प्रक्षेपणात न आणता उतार काढला तर उतार भिंतीइतके उभे निघतात आणि धुपीचे सगळे आकडे निरर्थक होतात. निर्गमबिंदू एक चौकट बाजूला पडला तर ४०० चौरस किलोमीटरऐवजी चार चौकटींचं पाणलोट मिळतं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते तरी. उताराची दिसत नाही.

तुम्ही उतरवलेला डेटा एसआरटीएम असेल तर तो फेब्रुवारी २००० मधल्या अकरा दिवसांत अंतराळयानातून रडारने मोजलेला आहे. त्यानंतर बांधलेले रस्ते, तलाव, भराव त्यात नाहीत. रडारने झाडांचे शेंडे पाहिले, जमीन नव्हे, त्यामुळे दाट झाडीचा पट्टा टेकडीसारखा उठतो आणि ओढा त्याला वळसा घालताना दिसतो. उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असल्याने सपाट मैदानात पायऱ्या पडतात. युरोपच्या कोपर्निकसचा उंचीचा डेटा नंतरच्या दशकातला आहे आणि बहुतेक ठिकाणी बरा, पण वृक्षांची अडचण त्यातही आहे. उपाय जुनाच: खऱ्या ओढ्यांच्या रेषा उंचीच्या डेटात कोरून घ्यायच्या, रस्त्याखालच्या मोऱ्या जिथे आहेत तिथे भराव फोडायचा. कालव्याने पाणी एका पाणलोटातून दुसऱ्यात जात असेल, किंवा गावाची गटारं टेकडीच्या उलट बाजूला उतरत असतील, तर ते संगणकाला सांगेपर्यंत कळणार नाही. हद्द आखून झाली की एखाद्या जोरदार पावसात तिच्यावर फिरून या. नकाशात दाखवलेल्या दिशेने पाणी जात नसेल तर नकाशा चूक आहे, पाणी नाही.

जमीनवापराच्या नकाशात ‘शेती’ असा एकच रंग असतो. पाण्याच्या गुणवत्तेला तो फारसा उपयोगी नाही. कुठलं पीक, खत कधी आणि कसं पडतं, नांगरट उताराला आडवी की उभी, पहिल्या मोठ्या पावसात जमीन उघडी असते का, हे महत्त्वाचं. ही माहिती उपग्रहात नाही, शेतकऱ्यांकडे आहे. मातीचे जागतिक नकाशे २५० मीटरच्या चौकटींचे असतात. स्थानिक मृदा सर्वेक्षण असेल तर ते घ्या, जुनं असलं तरी.

एवढं हाती आल्यावर ‘जास्त धोक्याच्या जागा’ काढता येतात. तत्त्व साधं आहे: प्रदूषणाला स्रोत हवा आणि वाटही हवी. खत भरपूर पडलेलं पण ओढ्यापासून लांब, सपाट, पाणी मुरणारं शेत फारसं काही देत नाही. मध्यम खताचं पण ओढ्याला लागून असलेलं, चिकण मातीचं, उताराचं शेत बरंच देतं. दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जागा एकूण क्षेत्राचा लहान हिस्सा असतात आणि काम तिथूनच सुरू करायचं असतं. इथे बरेच जण धूप समीकरणाचा नकाशा काढतात आणि त्यालाच ओढ्यातला गाळ समजतात. ते समीकरण २२ मीटर लांब, ९ टक्के उताराच्या प्रमाण तुकड्याला धरून बसवलेलं आहे. ते उतारावर सुटलेली माती सांगतं, वर्षाची सरासरी सांगतं. त्यातली ओढ्यापर्यंत किती पोचली ते सांगत नाही. बांधाला, गवताला, सपाटीला अडून बरीच माती वाटेतच राहते.

मग मॉडेल कधी? जेव्हा प्रश्न ‘असं केलं तर काय होईल’ असा असतो तेव्हा. गावाला शुद्धीकरण प्रकल्प दिला तर? ओढ्याकाठी गवताचे पट्टे सोडले तर? पाऊस वाढला तर? ‘आज काय चाललंय’ हे मोजून कळतं. ‘उद्या काय होईल’ हे मोजता येत नाही, तिथे मॉडेल लागतं.

कुठलं घ्यायचं ते प्रश्नावर ठरतं. एका वाहिनीत सांडपाणी पडल्यावर ऑक्सिजन किती खाली जातो आणि कुठे सावरतो, याचं गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीसाठी मांडलं; आजचं क्वाल-२-के त्याच वंशातलं आहे आणि कोरड्या दिवसांतल्या स्थिर प्रवाहासाठी उत्तम. शहरी गटारं आणि फरसबंदी असेल तर १९७१ पासून वाढत आलेलं स्विम, म्हणजे अमेरिकी पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम. तासागणिक पूर हवा असेल तर एचएसपीएफ, पण त्याला शिकायला चिकाटी लागते. आणि मोठं, शेतीचं, वर्षानुवर्षांचं पाणलोट असेल तर स्वॅट. अमेरिकेच्या कृषी खात्यात जेफ अरनॉल्ड आणि सहकाऱ्यांनी ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं; मोफत आहे, क्यूजीआयएसला जोडतं. जलाशयाच्या आत थर कसे पडतात, तळाचा गाळ स्फुरद परत कसा सोडतो, हे यातलं कुठलंच नीट सांगत नाही. त्याला जलाशयाचं वेगळं मॉडेल लागतं.

तुमच्यासाठी शेवटी स्वॅटच योग्य ठरेल, म्हणून त्याच्या पोटात काय चालतं ते समजून घ्या. नेहमीच्या मांडणीत रोजचा पाऊस वक्रांकाच्या (माती आणि जमीनवापरावरून तक्त्यातून घ्यायच्या आकड्याच्या) पद्धतीने दोन वाटांना लागतो: काही वाहून जातो, काही मुरतो. समजा ५० मिलिमीटर पाऊस पडला. वक्रांक ७५ असेल तर साधारण ९ मिलिमीटर वाहतात. वक्रांक ८५ केला तर जवळजवळ २०. म्हणजे तक्त्यातला दहाचा फरक अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, दुप्पट करतो, आणि एकाच शेताला ‘मध्यम’ की ‘वाईट’ म्हणायचं यावर त्यातला बराचसा फरक पडतो. पुढे गाळाचं समीकरण हाच अपधाव आणि त्याचं शिखर वापरतं, आणि मातीला चिकटलेला स्फुरद त्या गाळावरून निघतो. पहिल्या पायरीतली चूक तिसऱ्या पायरीवर फुगून येते. म्हणून जुळणीचा, म्हणजे मॉडेलचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी जुळवण्याचा, क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग गाळ, मग स्फुरद आणि नत्र. क्रम मोडून थेट स्फुरदाचे आकडे जुळवणारे अहवाल मी बरेच वाचले आहेत. आलेख सुंदर असतात, आणि पाण्याचा ताळेबंद बघितला तर पडलेल्या पावसापैकी निम्मा कुठे गेला याचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेली. स्वॅट उपपाणलोटात एकसारखा उतार, माती आणि जमीनवापर असलेले सगळे तुकडे एकत्र करून त्यांचं एक गणिती एकक बनवतं. त्या एककाला उपपाणलोटात जागा नसते. ते ओढ्याला लागून आहे की माथ्यावर, हे नेहमीच्या स्वॅटला माहीतच नाही. एककांचे निकाल परत नकाशावर रंगवता येतात, आणि रंगवले की एकेका शेताचा निवाडा झाल्यासारखा भास होतो. तो भासच असतो. उपपाणलोटांची क्रमवारी लावायला स्वॅट चांगलं. शेताचा दरवाजा ठोठावायला नाही. स्वॅट प्लस या नव्या आवृत्तीत उतारावरचा वरचा आणि खालचा भाग वेगळा धरता येतो, त्याने थोडं सुधारतं, पण शेतापर्यंत तेही पोचत नाही. तिथे वर सांगितलेला स्रोत-आणि-वाट नकाशा आणि पायपीट.

जुळणी करताना पहिली दोन-तीन वर्षं मॉडेलला मुरायला द्या, त्यांचे निकाल टाकून द्या. उरलेल्या काळाचे दोन भाग करा: एकावर जुळवा, दुसऱ्यावर हात न लावता तपासा. मॉडेल कितपत जुळलं ते मोजायला नॅश-सटक्लिफ गुणांक (१ म्हणजे तंतोतंत) सगळे वापरतात, पण त्याच्यावर पुरांचा पगडा असतो. मोठे पूर जुळले की तो खूश. भूजलातून येणारा संथ प्रवाह पूर्ण चुकला तरी गुणांक छान येऊ शकतो, आणि नत्राची वाट बहुतेक तिथूनच असते. म्हणून संथ प्रवाहाचा वाटा वेगळा काढून बघा. पिकाचं उत्पादन बघा. मॉडेलमधलं पीक खऱ्याच्या निम्मं येत असेल तर ते निम्मंच खत उचलतंय, आणि उरलेलं सगळं ओढ्यात दिसणार.

आणि ‘समाधानकारक’ म्हणजे काय ते एकदा नीट वाचा. २००७ साली मोरियासी आणि सहकाऱ्यांनी मांडलेले निकष जगभर वापरले जातात. मासिक आकड्यांसाठी नॅश-सटक्लिफ ०.५ च्या वर, आणि एकूण कल, म्हणजे मॉडेलचा आकडा एकंदरीत किती जास्त किंवा कमी येतो ते, विसर्गाला २५ टक्क्यांच्या आत, गाळाला ५५ च्या आत, नत्र-स्फुरदाला ७० टक्क्यांच्या आत. म्हणजे स्फुरद ६० टक्के चुकलेलं मॉडेलही निकषात बसतं. अशा मॉडेलवरून ‘या उपायाने भार १२.४ टक्के घटेल’ असं लिहिणं म्हणजे दशांशचिन्हामागे लपणं. दोन उपायांतला कुठला सरस, हे मॉडेल बऱ्यापैकी सांगतं, कारण दोन्हीकडे चूक साधारण सारखी असते. नेमका आकडा सांगत नाही. निर्णय घेणाऱ्यांना एक आकडा देण्याऐवजी पट्टा द्या, आणि मापदंडांचे वेगवेगळे पण तितकेच चांगले जुळणारे संच घेऊन क्रमवारी बदलते का ते दाखवा. क्रमवारी टिकली तर तुमचं म्हणणं भक्कम. नाही टिकली, तर तेही सांगा.

मॉडेलमध्ये कुठला स्फुरद धरताय, याने निर्णय उलटूसुद्धा शकतो. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराला पश्चिमेकडे मॉमी नदी मिळते; तिचं पाणलोट शेतीबहुल आहे. तिथे माती वाचवण्यासाठी बिननांगरटीची शेती पसरली. पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर विरघळलेला स्फुरद वाढत गेला. वरवर फेकलेलं खत नांगराने खाली न गेल्याने मातीच्या वरच्या थरात साचणं, आणि शेताखालच्या निचरा नळ्यांमधून पाणी झटकन बाहेर पडणं, अशी कारणं पुढे आली. बदललेल्या पावसाचाही हात होता. ऑगस्ट २०१४ मध्ये या सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरातल्या आणि आसपासच्या चार लाखांहून अधिक लोकांना शेवाळामुळे नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. शेवाळाचं विष उकळून जात नाही, उलट पाणी आटून तीव्र होतं. २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मॉमीचा वसंतातला स्फुरद २००८ च्या तुलनेत ४० टक्के घटवायचं लक्ष्य ठरवलं, एकूण आणि विरघळलेला असं दोन्ही वेगळं नोंदवून. त्यामागे एक नव्हे, वेगवेगळ्या गटांची अनेक मॉडेलं होती.

तुमच्या नमुन्यांत एकूण स्फुरदच मोजला असेल तर आजपासून विरघळलेलाही मोजा. त्यासाठी नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावा लागतो. प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी गाळलेल्या बाटलीतला आकडा भरवशाचा नसतो, तोवर कणांनी आणि जिवाणूंनी त्यात ढवळाढवळ केलेली असते.

वेळेबद्दल एक. उपाय केल्यावर पुढच्या वर्षी जलाशय स्वच्छ होईल असं कुणाला सांगू नका. भूजलातलं नायट्रेट वर्षानुवर्षांच्या वाटेने येतं, मातीत आणि तळाच्या गाळात साठलेला स्फुरद आपल्या गतीने सुटतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरासाठी सहा राज्यांना आणि राजधानीला मिळून भाराची मर्यादा २०१० मध्ये घालून दिली गेली, पाणलोटाचं मॉडेल त्याच्या केंद्रस्थानी होतं, आणि तिथेही केलेलं काम आणि पाण्यात दिसलेला फरक यांतलं अंतर हाच सततचा वाद राहिला. मोजणी चालू ठेवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात घाला, नंतर तो कुणी देत नाही.

आता उपग्रह. स्फुरद आणि नायट्रेट यांना रंग नाही, त्यामुळे ते वरून दिसत नाहीत. दिसतं ते हरितद्रव्य आणि गढूळपणा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं १० ते २० मीटरच्या चौकटींची, २०१५ पासूनची मोफत आहेत; २०१७ मध्ये दुसरा उपग्रह आल्यापासून साधारण दर पाच दिवसांनी. ओढ्यांसाठी ती निरुपयोगी. चौकटीत पाण्याबरोबर काठही येतो. शिवाय पावसात, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, ढग. पण जलाशयासाठी त्यांचा फार चांगला उपयोग आहे आणि तो तुम्ही याच आठवड्यात करू शकता: गेल्या वर्षांची ढगविरहित चित्रं ओळीने लावा आणि शेवाळ दरवेळी कुठल्या फाट्यात आधी उठतं ते बघा. त्या फाट्याला मिळणारा ओढा पातळीयंत्रासाठी पहिला उमेदवार. हरितद्रव्याचा आकडा हवा असेल तर उपग्रह वरून जातो त्याच दिवशी होडीतून नमुने घेऊन स्थानिक संबंध बसवा, दुसऱ्या सरोवराचं सूत्र उचलू नका. काठालगतच्या दोन-तीन चौकटी सोडून द्या, उथळ पाण्यात तळाचाच रंग वर येतो.